हातमोजा

द्राक्षं धुवायची नाहीत, गेनादिए कुंपणापलीकडून ओरडला,
आणि मी नळ बंद केला.
सालीवर तो पांढुरका धुरळा असतो ना,
फडक्याने पुसून टाकावासा वाटणारा,
काम सगळं तोच करतो.
आपण नुसते हमाल.

अकरा वर्षं पादोव्यात मी पुसतच होते.
सिन्योरा ओत्ताव्हियाची पाठ, कवळी, चमचे,
तिच्या मुलाने माझ्यावर लावलेला कॅमेरासुद्धा, दर शनिवारी.
परतले तेव्हा बॅगेत दोन स्वेटर,
मुलीसाठी चॉकलेट (ती आता तेवीसची, गोड खात नाही),
आणि हातमोज्यांचं अर्धं खोकं.
कशाला आणलं कोण जाणे. टाकवलं नाही.

बापाने मला हे शिकवलं नव्हतं.
मुलींनी घड खुडायचे, पिंपं घासायची;
तळघर भावांचं.
एक भाऊ आता मॉस्कोत, एक मातीत,
आणि वेल दरसाल येतोच,
लाज नसल्यासारखा ओट्याच्या छपरावर चढतो,
घमघमतो.

चाळीस किलो निघाली.
हातांनीच चुरडली, कोपरापर्यंत जांभळी होत.
देठ काढ, म्हणाला, देठ तुरट.
सगळे काढू नकोस पण.
म्हणजे किती ठेवू?
तो खांदे उडवून कोंबड्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी साली वर आल्या,
जाड थर, गोधडीतून पाय बाहेर काढणाऱ्या पोरासारखा.
खाली ढकलायचा. पुन्हा येतो.
सकाळी, दुपारी, झोपताना.
नाही ढकललास तर वरून शिरका होईल.
रात्री पिंपाला कान लावला तर आत
चुना विरघळताना होतो तसा आवाज.

तळघरात उतरताना मेणबत्ती गुडघ्याशी धर,
विझली तर मागे फीर.
मेणबत्ती पुन्हा लावता येते, एवढंच म्हणाला.
त्याचा चुलता कसा गेला ते मला माहीत होतं,
गावात सगळ्यांनाच.

पाचव्या दिवशी विझली.
फुंकर नाही, वारा नाही,
ज्योत नुसती खालून कोणीतरी उचलून नेली.
मी पायऱ्या चढून आले, दार सताड उघडं टाकलं
आणि उन्हात बसून राहिले.
अकरा वर्षं एक घंटी वाजली की मी धावायचे, रात्री तीनलासुद्धा.
आणि हे खाली, अंधारात, मला म्हणत होतं
येऊ नकोस. माझं चाललंय.

मग चोथा पिळून रस काचेच्या तीन बरण्यांत भरला.
तोंडाला काय लावू, तर गेनादिए म्हणाला, रबरी हातमोजा.
एका बोटाला सुईने भोक पाड.
मी हसले, मग खोकं आणलं.

सकाळी दोन हात उभे होते,
पाची बोटं ताठ, उत्तर येणाऱ्या पोरांसारखे.
तिसरा लोळलेला.
कोपरा गार होता. बरणीला स्वेटर घातला, पादोव्याचा, निळा,
बाह्या मागे बांधल्या.
तीन दिवसांनी आधी अंगठा हलला.
शेवटच्या आठवड्यात सिन्योराचा हात असाच
चादरीवरून उठायचा, कशाकडे ते कळायचं नाही,
मी धरायचे.
हा धरला नाही.

नोव्हेंबरात एकेक करून पडले.
नळीने ओढताना अर्धी तोंडात गेली,
आंबट, खरखरीत, शेवटी कुठेतरी
त्या छपरावरचा वास.

गेनादिएने पेला उजेडात धरला. प्याला. बराच वेळ कोंबड्यांकडे पाहिलं.
वाईन आहे, म्हणाला.
म्हणजे, तसं म्हणता येईल.
आणि पेला परत पुढे केला.

स्वेटरवाल्या बरणीचा शिरकाच झाला शेवटी.
कोबीला लागतोच.
पुढच्या वर्षी साठ किलो करीन, किंवा नाही करणार.
हातमोजे अजून एकोणीस आहेत.